दिव्याचं वाक्य

त्या संध्याकाळी बाबा तालमीच्या खोलीत नेपथ्यासाठी मासेमारीच्या फाटक्या जाळ्याला गाठी मारत बसले होते. आमच्या हौशी मंडळींचं नाटक एका बेटावरच्या माणसांचं होतं. तिथे बोट येणंच बंद झालेलं असतं. मी त्यातली शिक्षिका, बाबा विंगेत बसून अडलेली वाक्यं हळूच सांगणारे प्रॉम्प्टर.

"तुझा तो इंग्रजीचा धडा सांगताना माझी जीभ वळत नाही," ते म्हणाले. "फार्दर आणि फर्दर, दोन्ही लांबच ना?"

"मोजता येतं ते अंतर फार्दर. बाकी फर्दर."

"मग विंगेतला मी तुझ्यापासून?"

"फार्दर. पण फार नाही."

"बाईसाहेब, आधी दिव्याचं वाक्य पाठ करा! दर प्रयोगाला तिथेच घोडं अडतं."

मी चहा करायला उठले. त्याच रात्री बाबा झोपेतच गेले.

पुढचा प्रयोग महिन्याभराने झाला. रंगमंचावर अंधार झाला, वर्गातली मुलं माझ्याकडे बघू लागली आणि मी सवयीने थांबले. विंगेत बाबांची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बसायला कुणी तयार झालं नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "दिवा लावा रे, बोट वाट चुकली असेल."

पडदा पडल्यावर सगळे रंग पुसायला गेले. मी खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "ते वाक्य मला पहिल्यापासून पाठ होतं. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुढे जावंसंच वाटायचं नाही."