मधल्या खुर्चीमागे

चांगदेवने टेबलावरच्या नावांच्या पाट्या पुन्हा एकदा ओळीत लावल्या आणि दुसऱ्या रांगेतली एक पाटी काही कारण नसताना शर्टाच्या बाहीने पुसली. सौ. मैना चांगदेव भोईर, अकलोली. बायकोच्या नावाचा आधार घेऊन आपलं नावही या टेबलावर येऊन बसलं, याचं त्याला हसू आलं.

भिवंडीच्या पंचायत समितीत शिपाई म्हणून त्याची बावीस वर्षं गेली होती. एवढ्या वर्षांत अकलोली-गणेशपुरीकडच्या बायका त्याने या दाराशी अर्ज घेऊन ताटकळलेल्याच पाहिल्या होत्या. चपला बाहेर काढा, म्हणून त्यांना दटावणाराही तोच. आज, २००७ च्या निवडणुकीनंतरच्या पहिल्या सभेत, नवे सदस्य सभापती निवडणार होते आणि त्यांत त्याची मैना होती.

मावळते सभापती केसरीनाथ पाटील पुन्हा उभे होते. त्यांनी त्याला व्हरांड्यात गाठलं.

“दोन्हीकडं सात-सात हात हायेत. पंधरावा तुज्या बायकोचा. तिनं काय ठरवलंय?”

“घरात पन सांगत न्हाय, साहेब.”

“मग मतदानाला तू अध्यक्षांच्या मधल्या खुर्चीमागं उभा ऱ्हा. हात वर करताना तिला तू दिसला पायजेस. मोखाड्याला शिपायाची जागा खाली हाय, हे काल तिच्या कानावर घातलंय मी.”

मोखाड्याला बदली म्हणजे तेव्हाच्या जिल्ह्याचं दुसरं टोक. घरी आई अंथरुणाला खिळलेली. चांगदेवने मान हलवली.

सदस्य येऊ लागले. मैना दाराशी थांबली आणि चपला काढू लागली. चांगदेव लगबगीने पुढे झाला.

“सदस्यांना चप्पल चालते,” तो कुजबुजला.

“ऱ्हाऊ द्या. एवढ्या गावांनी पाठवलंय मला. देवळात जाते तशीच जाईन.”

तिच्या मागून आलेल्या दोघी नव्या सदस्यांनीही चपला काढल्या. शेवटी खारबावच्या निवृत्त मुख्याध्यापिका आसावरी जोशी आल्या, केसरीनाथांविरुद्ध उभ्या असलेल्या. त्यांनीही वाकून सँडलचे पट्टे सोडले.

निवडणुकीपुरते अध्यक्षस्थानी बसलेले तहसीलदार एकेका नव्या सदस्याला गुलाब देऊ लागले. चांगदेव ताट धरून बरोबर फिरत होता. मैनेपाशी ते थांबले, किंचित झुकले.

“सन्माननीय सदस्या मैनाताई, आपलं या सभागृहात स्वागत आहे.”

मैनेने दोन्ही हातांनी फूल घेतलं. अख्खी सभा टाळ्या वाजवत होती. पहाटे आपल्याला डबा करून देणारी ती हीच का? स्वतःच्या बायकोकडे नजर वर करून बघायचा त्याला धीर होईना.

मग तो सांगितल्याप्रमाणे मधल्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

“केसरीनाथ पाटील यांच्या बाजूने हात वर करावेत.”

सात हात वर गेले. मैना चांगदेवकडे बघत होती. तिचा हात टेबलावरून बोटभर उचलला गेला आणि तिथेच थांबला. नवऱ्याला तिथे का उभं केलंय, हे तिला कळलं होतं.

“आणखी कोणी?” तहसीलदारांनी विचारलं.

शिपायाने सभागृहाकडे पाठ करायची नसते. बावीस वर्षांत चांगदेवने ती कधी केली नव्हती. त्याने आता केली. भिंतीवरच्या तालुक्याच्या नकाशाकडे तोंड करून तो हाताची घडी घालून उभा राहिला.

“सात. आता आसावरी जोशी यांच्या बाजूने.”

पाठीमागे खुर्च्या कुरकुरल्या. तहसीलदार सावकाश मोजत होते. पाच. सहा. सात. चांगदेवने वळून पाहिलं नाही.

“आठ.”

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तो चहा आणायला बाहेर पडला. केसरीनाथ त्याच्या मागोमाग आले.

“मोखाडा लांब हाय, चांगदेव.”

“हाय ना, साहेब. पन एसटी जाते.”

ट्रे घेऊन तो आत आला. नव्या सभापतींना कप दिला, तहसीलदारांना दिला. दुसऱ्या रांगेत मैनेसमोर त्याने कप बशीसकट दोन्ही हातांनी ठेवला.

“बाई, आपल्याला साखर कमी लागते ना?”

मैनेने मान खाली घातली. “हो,” ती म्हणाली.