काठोकाठ तेल

चाळीच्या पटांगणात ट्रक उभा करून भिवाने इंजिन बंद करण्याआधी पुन्हा एकदा तेलाच्या प्रेशरच्या काट्याकडे पाहिलं. सकाळी इंजिन थंड होतं तेव्हा काटा सरळ उभा होता. आता भायखळ्याहून लालबागेपर्यंत गरम होऊन आल्यावर तो शून्याला टेकला होता.

ट्रक महायुद्धातला. मिलिटरीने टाकून दिल्यावर भाजीच्या धंद्यासाठी गंगाधरशेठने घेतलेला. मालकी शेठची, पण हाकायचा, धुवायचा, दुरुस्त करायचा तो भिवानेच. परवा हा ट्रक प्रतापगडला जायचा होता. संयुक्त महाराष्ट्र समितीची तिथे पंतप्रधानांविरुद्ध मोठी निदर्शनं होती, आणि दोन चाळींची माणसं न्यायला शेठने ट्रक आपण होऊन देऊ केला होता.

"ट्रक नाय नेता येणार," भिवाने गुणाजीला सांगितलं. गुणाजी शेजारच्या चाळीतला, गिरणीतला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, आणि वस्तीतल्या समितीचा म्होरक्या. "तेलाचं प्रेशर पडलंय. घाटात बेअरिंगं जळतील. ऐन चढावर इंजिन जाम झालं तर ट्रक माणसांसकट मागं येईल."

"तेल घाल मगे."

"तेल आहे."

गुणाजीने बॉनेट उघडायला लावलं, स्वतःच्या हाताने तेल मोजायची पट्टी उपसली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. एव्हाना पटांगणात बरीच माणसं जमली होती.

"बघा रे! तेल काठोकाठ असा, उलट खुणेच्या वर असा. नि ह्यो म्हणता प्रेशर नाय! भिवा, शेठान दम दिल्यान काय तुका?"

"शेठनंच तर ट्रक दिलाय."

"मग तुझाच मन नाय. तुमच्या लोकांका काय रे, महाराष्ट्र मिळालो काय नि नाय मिळालो काय!"

बोलणं भिवाच्या जातीवर होतं, हे पटांगणात सगळ्यांना कळलं. भिवाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग रक्त डोक्यात चढलं.

"तुमच्या लोकांका म्हणजे?" तो पुढे सरला. "गेल्या सालच्या जानेवारीत गोळीबार झाला तवा जखमी पोरांना इस्पितळात कोणी नेलं? ह्याच ट्रकातनं नेलं. फळ्यांवरचं रक्त मी धुतलंय, माझ्या ह्या हातांनी. तवा नाय विचारलंस माझी माणसं कोणती नि तुझी कोणती!"

गुणाजीने पट्टी होती तशी खुपसली आणि चालता झाला. बाकीचेही पांगले. त्या पांगण्याचा भिवाला जास्त राग आला. इतक्या माणसांत एकाच्याही तोंडून शब्द फुटू नये?

शेवटी पुढे आला तो म्हातारा लवू, गुणाजीच्याच खात्यातला विणकर. "काटो बिघडलो असात रे," तो हळूच म्हणाला. भिवालाही आतून तीच आशा होती. त्याने आपल्या चाळीतल्या रामदासच्या गाडीचा काटा काढून आणला आणि आपल्या ट्रकाला लावला. इंजिन तापलं तसा तोही खाली बसला. म्हणजे आपला काटा खरं तेच सांगत होता. मग त्याने पट्टी चिंधीने पुसून तेल पुन्हा बघितलं आणि प्रेशरची झडप उघडली. तिच्यात कचरा नव्हता, स्प्रिंगही तुटलेली नव्हती. उरली बेअरिंगं. ती झिजली असतील तर सगळं इंजिन खाली उतरवायला हवं, आणि ते काम एका दिवसात उरकणारं नव्हतं. आता ट्रक निघाला नाही की गुणाजीचं बोलणंच खरं ठरणार. भिवा जेवायला बसला तोही गुणाजीला शिव्या घालत.

"अवो, सोडा आता. कुत्रं भुंकलं म्हणून कोण..." चंपा, त्याची बायको, म्हणाली.

"कुत्रं असतं तर सोडलं असतं!"

सकाळी तो तोंड धूत होता आणि आत चंपा किंचाळली. तो धावला. शेगडीतून हातभर जाळ उठला होता आणि चंपा कपाळावरचे जळके केस झटकत उभी होती.

"काय लावलंवतं त्या चिंधीला?" ती त्याच्यावरच उखडली. त्याच्या तेलकट चिंध्या कोळसे पेटवायला रोज तीच वापरायची. "नेहमी फुरफुरत जळते. आज काडी लावली नि भडकन तोंडावर आली!"

"कंची चिंधी?"

"कालची. पट्टी पुसलीवती तुम्ही, ती."

भिवा आहे तसा, ओल्या तोंडाने खाली पळाला. पट्टी उपसली, तेल दोन बोटांत चोळलं. बोटं नुसती घसरली, चिकटपणा म्हणून नाही. नाकाशी नेलं तर सरळ पेट्रोलचा वास. तेल खुणेच्या वर का, याचा विचार काल त्यानेही केला नव्हता. गाडी जुनी, रोज थोडं तेल खाणारी. तिच्यातलं तेल वाढेल कसं? वाढलं होतं ते पेट्रोल. त्यामुळे तेल पाण्यासारखं पातळ झालं होतं, आणि पातळ तेलाला प्रेशर धरवत नव्हतं.

त्याने इंजिनाच्या अंगाचा पेट्रोलचा पंप खोलला. आतला पडदा मधोमध फाटला होता. तिथून पेट्रोल थेट खाली तेलात उतरत होतं.

"चंपे!" तो खालूनच ओरडला. "वर नको थांबू, खाली ये! बघ तुझ्या चिंधीनं काय काढलंय!"

दुपारपर्यंत दोन टाकी भागातल्या जुन्या सामानाच्या बाजारातून पडदा आला, तोही रामदासने घासाघीस करून आणलेला. सगळं तेल काढून टाकलं, नवीन भरलं. भिवाने रिकामा ट्रक दादरपर्यंत पळवून आणला, मग परळच्या पुलावर मुद्दाम दोनदा चढवला. इंजिन चांगलं तापलं. काटा नव्या गाडीसारखा नव्हता, पण जिथे असायला हवा तिथे होता आणि हलत नव्हता. बेअरिंगं वाचली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पटांगण माणसांनी भरलं. काळे झेंडे, भाकऱ्यांची गाठोडी, कडेवरची पोरं. गुणाजी तोंडात बिडी धरून ट्रकापाशी आला आणि जसं काही झालंच नाही अशा थाटात म्हणाला, "झाला मा काम? चला, चढा रे सगळे!"

"कोणी चढायचं नाय," भिवा म्हणाला. "आधी बिडी विझव. नि परवा इथं जे बोललास, ते इथंच मागं घे."

"अरे, रागान तोंड सुटला माणसाचा..."

"मला कोपऱ्यात घेऊन नको सांगूस. चारचौघांत बोललास, चारचौघांत बोल."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. उशीर होतोय, असं कोणी पुटपुटलं. भिवाने चावी खिशात घातली. मग लवू पुढे झाला. "बोल रे गुणाजी," तो म्हणाला. "मी पण त्या दिवशी गप रवलंय. माका पण लाज वाटता."

गुणाजीने बिडी पायाखाली चिरडली. "चुकलंय मी," तो म्हणाला, पहिल्यांदा पुटपुटत, मग भिवा हलला नाही तेव्हा मोठ्याने. "भिवान ट्रक मुद्दाम नाय अडवल्यान. नि महाराष्ट्र माझो तितकोच त्याचो. मी बोललंय ता खोटा."

भिवाने मान हलवली, पण त्याचा चेहरा सैल झाला नाही. "बस मागं," एवढंच तो म्हणाला.

गुणाजी पुढे, केबिनमध्ये बसायच्या बेताने आला होता. तिथे चंपा आधीच बसली होती, कपाळावरचे जळके केस पदराखाली लपवून. तो मागे फळीवर जाऊन बसला.

पसरणीचा घाट लागला तेव्हा भिवाची एक नजर रस्त्यावर होती आणि एक काट्यावर. पहिल्या वळणावर मागून केबिनवर थाप पडली.

"भिवा, काटो बरो असा मा?" गुणाजीचा आवाज.

भिवाने ॲक्सिलरेटर आणखी दाबला. दुसऱ्या वळणावर पुन्हा थाप पडली.

"सांगा की वो," चंपा म्हणाली. "मागं माणसं घाबरत असतील."

"बरा आहे!" भिवा खिडकीतून ओरडला, आणि गिअर बदलून त्याने ट्रक वर चढवला. मागे घोषणा सुरू झाल्या. भिवाच्या मनातला राग अजून होता तिथेच होता. तरी तिसऱ्या घोषणेला त्याने स्टिअरिंगवरचा एक हात उचलून मूठ आवळली आणि मागच्या सगळ्यांच्या वर आवाज काढला.