काखेतला डाग

मला राग लवकर येतो आणि आलेला राग गिळता येत नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून माझ्यापासून गोष्टी लपवल्या जातात. अमरदीपच्या तापाच्या वेळीही तेच झालं.

अमरदीप माझा नवरा, तेलंगणात गुडीहत्नूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. दसऱ्याच्या सुट्टीत शाळेमागच्या मैदानावर झुडपं माजली होती आणि कबड्डीचे सामने तोंडावर आले होते. कुणी मजूर लावेपर्यंत दम कुठला? हे महाशय स्वतःच विळा घेऊन उतरले. पुढे काही दिवसांनी ताप भरला. इचोड्याच्या डॉक्टरची औषधं झाली, तरी उतरेना. अंग इतकं ठणकायचं की कूस बदलतानाही हा माणूस ओरडायचा.

मी ऑफिसला गेल्यावर मागे सासूबाईंनी, म्हणजे द्वारकाबाईंनी, आपला जुना उपाय काढला. दिव्यावर बिब्बा तापवायचा, दाभणाच्या टोकावर त्याचं तेल घ्यायचं आणि दुखतं तिथे चटका द्यायचा. आणि हा उपाय मागितला कुणी? विज्ञानाच्या शिक्षकानं, स्वतः. "वृषालीले सांगू नको," एवढं आईला बजावून.

मला कळलं ते थेट आदिलाबादच्या दवाखान्यात, त्याचा शर्ट काढल्यावर. पाठीवर, कमरेवर, पोटावर काळे डाग. डॉक्टर अर्पिता तरुण होत्या, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या मुधोळच्या, त्यामुळे मराठीतच बोलायच्या. "हे काय?" त्यांनी विचारलं आणि मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

"बिब्बा! शिकलेल्या माणसाच्या घरी हे चालते मॅडम, पाहून घ्या."

"हा काखेतला पण?"

"सगळा बिब्बाच. दुसरं काय असणार?"

मलेरिया, डेंगी, टायफॉइड, सगळ्या तपासण्या झाल्या. कशातच काही निघालं नाही. चटके पिकून ताप येत असावा, अशा अंदाजानं सलाइनमधून औषधं सुरू झाली. ताप ढिम्म हलला नाही. डोळे लालभडक झाले, श्वास जड झाला, आणि एका सकाळी त्यानं माझ्याकडे पाहून म्हटलं, "बाई, जागेवर बसा, तास सुरू झाला." मी तिथे हसले आणि बाहेर येऊन रडले. हा माणूस आता जातो, असं मला पहिल्यांदा वाटलं.

व्हरांड्यात सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. लेकाच्या खाटेजवळ येत नसत, त्याला हात लावत नसत, घास घेत नसत. "बिब्बा उतला," एवढंच म्हणायच्या. म्हणजे बिब्बा अंगाला मानवला नाही, उलटा फुटून निघाला. आपल्याच हातानं लेक चालला, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. मी तरी कुठे वेगळं समजत होते? मी तर ते त्यांना तोंडावर ऐकवलंही होतं.

त्या दिवशी रडून उठले आणि राग पुन्हा त्यांच्यावरच निघाला.

"भाकर काऊन खात नाही तुमी? आता दोघाइले मी एकटी पाहू?"

"मले नाही पायजे, बाई."

"पाठीवर देल्ला ते देल्ला, पण काखेत काऊन देल्ला बिब्बा? तेवढी तरी जागा सोडायची!"

त्यांनी मान वर केली. "काखेत?"

"हो, काखेत. डाव्या."

"काखेत कोण देते बिब्बा? घामाची जागा थे. तिथं तर हमखास उतते. माह्या मायनं मले पयले तेच सांगतलं होतं."

"मंग तो डाग कोनाचा हाय?"

"म्या नाही देल्ला," त्या म्हणाल्या. "पाठ, कंबर, पोट. काखेले म्या हातच नाही लावला."

आवाजाला पुष्कळ दिवसांनी धार आली होती. सासूबाई माझ्यापासून लपवतात, पण विचारल्यावर खोटं बोलत नाहीत. मी तशीच आत धावले. डॉक्टर अर्पिता चहा पीत होत्या. कप खाली ठेवायलाही मी त्यांना धड वेळ दिला नाही.

त्यांनी अमरदीपचा हात वर केला आणि टॉर्च मारला. बिब्ब्याचे चटके सुजलेले, चिघळलेले होते. हा मात्र एकटाच, कोरडा, काळ्या खपलीचा, भोवती लाल कडं असलेला. दाबलं तरी तो कण्हला नाही.

"हे झाडीत कुठे गेले होते?"

मी मैदानाचं सांगितलं. तिथे रानउंदरांची बिळंच बिळं आहेत, तेही सांगितलं.

"मग हा चटका नाही, चावा आहे," त्या म्हणाल्या. "रानउंदरांच्या अंगावर, झुडपांत एक किडा असतो, डोळ्यांना धड दिसतही नाही. तो चावला की जिवाणू माणसाच्या अंगात शिरतात. स्क्रब टायफस. आपण देतोय त्या औषधांना तो दाद देत नाही. याचं औषध वेगळं आहे आणि ते आपल्याकडे आहे. मी त्याच दिवशी नीट बघायला हवं होतं."

"मी बघू देल्लं असतं तर ना," मी म्हटलं.

रक्त तपासणीला गेलं, पण रिपोर्टची वाट न बघता त्यांनी औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशीही ताप होताच. मी मनातल्या मनात सगळ्यांशी भांडून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला दरदरून घाम फुटला आणि त्यानं डोळे उघडले. "कबड्डीचं काय झालं?"

"हरले तुमचे पोट्टे."

त्याचं तोंड एवढंसं झालं. इतका आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. डॉक्टर त्यांच्याजवळ गेल्या. "आजी, हा ताप बिब्ब्यानं आलेला नाही. पण पुन्हा देऊ नका, कातडी जळते."

"म्हंजे, माह्या हातानं नाही?"

"नाही, आजी."

त्यांनी नर्सलाही तेच विचारलं. तिनंही नाही म्हटलं. तरी त्या दारातून हलल्या नाहीत, माझ्याकडे बघत राहिल्या. कुणाच्या तोंडून ऐकायचं आहे, ते मला तेव्हा कळलं.

"नाही, आई," मी म्हटलं. "तुमच्या हातानं नाही. मीच वाटेल ते बोलली."

तेव्हा कुठे त्या आत आल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि लेकाच्या कपाळावर हात ठेवला.

"थंड लागून राह्यलं," त्या म्हणाल्या. मग तो हात तसाच ठेवून, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा मोठ्यानं रडल्या. नर्स ओरडत आली. मी तिलाच गप्प बसवलं.