अंडं उबवायचा डाव

एदुविहेस बार्रिएन्तोसला पाचुका गावात एदुविहेस म्हणून फारसं कुणी हाक मारत नसे. बसच्या थांब्यावर, मटणाच्या दुकानात, अगदी चर्चच्या पायरीवरसुद्धा लोक तिला बघितलं की घशातून गुळ्‌गुळ्‌गुळ्‌ असा आवाज काढत. तीही थांबून तसाच आवाज परत करी. एखाद्या दिवशी केला नाही, तर बाईंना बरं नाहीये वाटतं, असं म्हणून लोक हळहळत.

कुस्तीच्या रिंगमधलं तिचं नाव ला ग्वाहोलोता, म्हणजे टर्की कोंबडी. कमरेला तपकिरी पिसांचा घेर बांधायचा, डोक्यावर पिसांचा तुरा खोवायचा आणि मान पुढेमागे करत रिंगमध्ये शिरायचं. अंगाला वेगळं काही लावावं लागत नाही, असं ती स्वतःच म्हणे. मागची बाजू देवानेच दिलेली होती, पोटाचं तिचं तिने बघितलं होतं. तिचा एक खास डाव होता. समोरची बाई गादीवर उताणी पडली की तिच्या छातीवर बसायचं, पिसं नीट पसरायची, इकडेतिकडे संशयाने बघायचं आणि डोळे मिटून अंडं उबवायला लागायचं. सगळं अरेना, म्हणजे कुस्तीचा आखाडा, मग एका सुरात कुकुचकू करी. पंच गादीवर हात आपटून एक म्हणे, दोन म्हणे आणि तीन म्हणायच्या आत खालची बाई तिला उडवून लावी. एकोणीस वर्षांत या डावातून एकही पिल्लू बाहेर आलं नव्हतं.

पडायला शिकायला तिला दोन वर्षं लागली होती आणि मजेशीर पडायला आणखी तीन. या दुसऱ्या तीन वर्षांबद्दल तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

एका सोमवारी ती डॉन एलिसेओच्या खोलीत गेली. अरेना त्याचं, आणि अरेनाच्या दारातलं पास्त्यांचं दुकानही त्याचंच. बटाटा भरलेला, करंजीसारखा गरम पास्ते तो दोन्ही हातांत धरून खात होता.

"मालक, मला केसांवर कुस्ती पाहिजे."

"कुणाच्या केसांवर?"

"माझ्या. आणि नायेलीच्या."

डॉन एलिसेओने पास्ते खाली ठेवला. तो असा कधी ठेवत नसे.

केसांवरची कुस्ती म्हणजे पोरखेळ नव्हे. हरणाऱ्याने रिंगच्या मधोमध खुर्चीवर बसायचं आणि सगळ्या गावादेखत न्हाव्याने त्याचं डोकं भादरायचं. जिंकलेली माणसं हरलेल्याचे केस चौकटीत घालून बैठकीत लावतात, शेजारी देवाची तसबीर असते. एदुविहेसचे केस मात्र आजवर कुणी मागितले नव्हते. टर्कीची तंगडी मागतात लोक, केस कोण मागतं?

"एदु," डॉन एलिसेओ मऊ आवाजात म्हणाला, आणि हा मऊ आवाज तिला मुळीच आवडत नसे, "लोकांचा तुझ्यावर जीव आहे गं. पण केस जाताना लोकांच्या घशात आवंढा यावा लागतो. तुझे केस जाताना एक जरी माणूस फिदीफिदी हसला ना, तर माझ्या अरेनात केसांवरची कुस्ती कायमची मेली. पुन्हा खरी कोण मानील?"

"आणि नाही हसले तर?"

"हसतील."

"पण नाहीच हसले तर?"

त्याने ओठावरचा चुरा पुसला. "मग तू पैलवान. मी स्वतः तशी पाटी लावतो. पण हसले, तर पुढच्या रविवारपासून तू दारावर तिकिटं फाडायची. तुझे गुडघेसुद्धा केव्हापासून तेच सांगतायत."

कोण हरणार हे वेगळं बोलावंच लागलं नाही. कुस्ती कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. पाचुकात हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलून दाखवत नाही, लग्नात नवरीचं वय काढत नाहीत तसं. केस एदुविहेसचेच जायचे होते. प्रश्न एवढाच होता, की ते जाताना अरेनात आवाज कसला होणार.

नायेली ओसोर्नो चोवीस वर्षांची. क्रीडाशाळेत शिकलेली, राष्ट्रीय पदक मिळवलेली, कमरेपर्यंत जाड वेणी. रिंगमध्ये तिला ला सेंतेया म्हणत, म्हणजे वीज. ती कधी हसत नसे. रिंगमध्ये नाही, आणि जिन्यात भेटली तरी नाही. सरावाच्या पहिल्याच दिवशी ती म्हणाली,

"एदुताई, एक सांगू? राग नका मानू. तुम्ही माझ्यावर बसायचं नाही."

"का गं? मी जड आहे म्हणून?"

"माझी आई येणारे बघायला."

"मग तिच्यावर बसू?"

नायेली हसली नाही. भिंतीवर चेंडू मारावा आणि तो भिंतीतच राहावा, तसं झालं.

"हे बघ पोरी," एदुविहेस गादीच्या कडेला बसली. बसताना गुडघा कडकन वाजला. "मी बसते ना, तेव्हा लोक मला हसत नाहीत. ते खालच्या बाईचं तोंड बघून हसतात. ती जितकी चिडेल तितकं ते हसणार, आणि जितकं हसले असतील तितकेच तू मला फेकून दिल्यावर ओरडणार. तू लोखंडासारखी राहा. गंमत करायचं काम माझं, खरं वाटवायचं तुझं."

"म्हणजे अवघड काम माझ्याकडेच."

या मुलीच्या पोटात कुठेतरी विनोद आहे आणि तिला त्याचा पत्ता नाही, असं एदुविहेसला वाटून गेलं. शेवटी ठरलं ते असं: अंडं एकदाच, तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला, आणि दोन म्हणताच नायेलीने तिला दूर फेकायचं. त्यानंतर गंमत बंद.

पंच होता चातो. नाक चपटं, पोट सुटलेलं, आणि एका बाबतीत पक्का आडमुठा. आधी काय ठरलंय ते त्याला सांगितलेलं असे, पण खांदे गादीला टेकलेले असले तर त्याचा हात तिसऱ्यांदाही पडे आणि फेरी संपे. "पहिल्या रांगेला खांदा दिसतो," तो म्हणे. "तुमचं काय ठरलंय ते दिसत नाही. ज्याला वाचायचंय त्याने खांदा उचलावा."

रविवारी वारं असं सुटलं होतं की अरेनाचे पत्रे थडथडत होते. तरी गर्दी झाली. पहिल्या रांगेत नेहमीच्या खुर्चीवर दोन्या रेफु बसली होती. तिचं वय कुणालाच माहीत नव्हतं आणि तिच्या तोंडाला सगळेच भीत. तिच्या शेजारी ठेवणीतली शाल पांघरून नायेलीची आई.

"ए टर्के!" दोन्या रेफु ओरडली. "नाताळ लांब आहे अजून, आत्ताच कशाला आलीस कापून घ्यायला?"

पहिली फेरी नायेलीने चुटकीसरशी घेतली. दुसरीत एदुविहेसने तिचा दंड धरून उलटा पिळला आणि कोपर खांद्यामागे नेऊन तिला हार मानायला लावली. हा जुना, खरा डाव तिच्या उस्तादाने शिकवलेला. लोक शेवटपर्यंत गंमत कधी येते याची वाट बघत राहिले आणि ती आलीच नाही तेव्हा घासात खडा लागल्यासारखी तोंडं करून टाळ्या वाजवू लागले.

"हे काय नवीन?" दोन्या रेफुने शेजारणीला विचारलं.

तिसरी, निकालाची फेरी सुरू झाली. नायेली ठरल्याप्रमाणे पडली. एदुविहेस तिच्याभोवती एक चक्कर मारून आली, जागा पसंत केली, पिसं पसरली आणि बसली. अरेना कुकुचकू करू लागलं. खाली नायेलीचा चेहरा दगडी होता, अगदी हवा तसा. शाबास, एदुविहेस मनात म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

"एक!"

तेवढ्यात त्या सगळ्या गोंगाटात एक आवाज वेगळा निघाला. उंच, स्वच्छ, चांगल्या जातिवंत कोंबड्याचा. नायेलीने मान वळवली. पहिल्या रांगेत तिची आई शालीचे दोन्ही पदर पंखांसारखे धरून, डोळे गच्च मिटून, जीव तोडून कुकुचकू करत होती.

खालून गदगदा हादरा आला. एदुविहेसला आधी वाटलं, आपल्याला फेकतेय. डोळे उघडून बघते तर नायेली हसत होती. ओठ आवळून आणि नाकातून फुर्र करून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चोवीस वर्षांचं साठलेलं होतं ते, थोडक्यात कुठलं आटपायला! आणि हसणाऱ्या माणसाच्या अंगात कधी जोर असतो का?

"दोन!"

"खांदा उचल!" एदुविहेस दातांमधून म्हणाली.

"न...नाही येत, ताई..."

चातोचा हात वर गेला. तो थांबणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

एवढ्याशा वेळात माणसाच्या डोक्यात किती काय येतं. पहिलं आलं ते मुळीच थोर नव्हतं. ती वेणी आता आपली, हे आलं. कमरेपर्यंतची जाड, काळी वेणी, काचेच्या चौकटीत. तिला चौकटसुद्धा दिसली, सोनेरी कडेची. मग दिसलं की ही पोर गुदगुल्या झाल्यासारखी हसत हरणार, लोकही हसणार, न्हावीही हसणार. टर्कीने अंडं उबवून विजेचे केस घेतले! उद्या सगळं पाचुका हसत सुटेल आणि डॉन एलिसेओचं म्हणणं खरं ठरेल. आणि या पोरीला जन्मभर हसायची भीती बसेल. हे शेवटचं सगळ्यांत उशिरा आलं, हे एदुविहेसने पुढे कधी नाकारलं नाही.

हात खाली येत होता. तिने नायेलीची वेणी मुठीत धरली आणि हिसका देऊन तिचं डोकं, मान, खांदे गादीवरून उचलले.

चातोचा हात रिकाम्या गादीवर पडला.

अरेना गप्प झालं. कारण समोरच्याला हरू न देता केसांना धरून उठवणं हा कुस्तीतला सगळ्यांत मोठा माज. इतक्यात नाही, तुला आणखी हाल करून मारीन, असा त्याचा अर्थ. भलेभले दांडगे, म्हणजे खलनायकाची बाजू घेणारे पैलवानही जपून करतात ते. आणि इथे केलं कुणी, तर टर्कीने!

एदुविहेस वेणी मुठीत धरून उभी. पुढे काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. गुळ्‌गुळ्‌ करावं, असं सवयीने घशापर्यंत आलं. तिने ते गिळलं आणि हनुवटी वर केली.

"अगं ए!" दोन्या रेफु उभी राहिली. "कोण समजतेस गं तू स्वतःला? सोड त्या पोरीला! इतकी वर्षं तुला हसले मी, लाज वाटते मला!"

मग सगळेच उठले. शिट्ट्या, शिव्या, मक्याच्या लाह्यांचे कागद. कुणीतरी तिच्या आईचा उद्धार केला. एकोणीस वर्षांत तिच्या आईला कुणी मध्ये आणलं नव्हतं. एदुविहेसच्या अंगावर काटा आला. अपमान झाला म्हणून आला की मान मिळाला म्हणून, ते तिला तेव्हाही कळलं नाही.

नायेलीचं हसू पार उतरलं होतं. वेणीला बसलेला हिसका खराच होता. तिने हात मागे नेला आणि एदुविहेसच्या छातीवर अशी चापट मारली की मागच्या रांगेने "आई गं" म्हटलं. एदुविहेसने तशीच परत दिली. आता ठरलेलं काही उरलं नव्हतं, फक्त शेवट तेवढा उरला होता. पिसं तुटून गादीभर पसरली. शेवटी नायेलीने तिला पालथी पाडून दोन्ही पाय अडकवले आणि मागे खेचले. चातो कानाशी वाकला.

"मानतेस हार?"

"नाही."

"एदु, ठरलंय तसं!"

"माहितेय रे. थोडं थांब."

ती थांबली. गुडघ्यात कळ उठली, डोळ्यांपुढे ठिणग्या नाचल्या, आणि अरेना ओरडत ओरडत तिच्या हरण्याची वाट बघत होतं. त्यांना खरंच वाटत होतं की ती कदाचित हरणार नाही. ते तिने पोटभर ऐकून घेतलं आणि मग गादीवर हात आपटला.

न्हाव्याने मशीन चालवलं तेव्हा कुणी हसलं नाही. कुणाच्या घशात आवंढाही आला नाही म्हणा. "मुळापासून काढ!" दोन्या रेफु न्हाव्याला बजावत होती. "कानामागे राहिलेत बघ!" टर्कीचे केस जाताना सगळं गाव मनापासून खूश होत होतं. एदुविहेस खुर्चीवर ताठ बसून राहिली. एवढा वेळ एकही विनोद न करता ती जन्मात कधी बसली नव्हती.

कपडे बदलायच्या खोलीत नायेली तिच्या समोर येऊन मान खाली घालून उभी राहिली.

"वेणी तुमची होती, एदुताई. मला का उचललंत?"

"अगं, माझ्या बैठकीच्या भिंतीला खिळा ठरत नाही."

"खरं सांगा ना."

"खरंच. पोपडे पडलेत नुसते." मग तिने त्या पोरीच्या सुजलेल्या गालाकडे बघितलं. "आणि हसत हसत हरलं ना, की मग हसू परत येत नाही लवकर. मी बघितलंय."

डॉन एलिसेओ धावत आला. त्याला धाप लागली होती. "एदु! बाहेर दोन्या रेफु विचारतेय, ती नीच टर्की परत कधी येणार! आता तू दांडग्यांच्या बाजूने. एकदम खुनशी. पाटी लावतो मी. गंमत बंद, अंडं बंद!"

एदुविहेसला हेच हवं होतं. एवढ्यासाठीच तर ती सोमवारी त्याच्या खोलीत गेली होती. पण अंडं बंद म्हटलेलं तिला खटकलं.

"अंडं राहील, मालक," ती म्हणाली. "अंडं नाही, तर मी दारावर तिकिटं फाडते."

"अगं पण आता लोकांना तू खरी वाटायला लागलीयस!"

"म्हणूनच. आता मी बसले की ते हसतील, आणि हसता हसता घाबरतीलसुद्धा. जमतंय का बघू तरी."

डॉन एलिसेओ कपाळाला हात लावून निघून गेला. एदुविहेस तोंड धुवायला भिंतीवरच्या आरशापुढे उभी राहिली आणि तिने आपलं डोकं पहिल्यांदा बघितलं. तासलेलं, लालबुंद, जागोजाग खरचटलेलं, आणि खाली मानेची सैल लोंबती कातडी.

एकोणीस वर्षं ती डोक्यावर पिसांचा तुरा खोवून रिंगमध्ये जात होती. टर्कीच्या डोक्यावर पीसच नसतं, हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आणि मघाशी त्या खुर्चीवर, भर गावासमोर, ती हुबेहूब खऱ्या टर्कीसारखी बसली होती. एकाच्या जरी लक्षात आलं असतं तर?

आरशात मागे नायेली दिसत होती. तीही बघत होती. तिचे ओठ आवळलेले होते आणि नाकपुड्या थरथरत होत्या.

"हस बाई," एदुविहेस म्हणाली. "इथे चातो नाहीये."