संताच्या मेंढ्यांचे कान

ग्वेनफ्रॉनची चित्रं कार्डिफला प्रदर्शनात लागली, डब्लिनला विकली गेली. वेल्सच्या डोंगरातल्या आमच्या गावात मात्र तिला ‘वेटोळीवाली’ म्हणत. जुन्या केल्टिक दगडांवरच्या गाठी आणि वेटोळी ती चाळीस वर्षं रंगवत होती. चॅपलच्या दोनशेव्या वर्षी पंचांनी चहाच्या हॉलसाठी तिच्याकडे चित्र मागितलं, तेव्हा एकसष्ट वर्षांची ही बाई चक्क लाजली. कार्डिफचं काय, तिथे कुणाचंही लागतं. तिला गावाची भिंत हवी होती.

चित्रात आमच्या डोंगरावर आमचा संत, अंगात वेटोळ्यांचा झगा, भोवती अकरा मेंढ्या. मी चॅपलचा चिटणीस, त्यामुळे चित्रावरचं कापड मीच काढलं. टेगविन आणि इड्वल हे दोन पंच पुढे सरकले. दोघेही मेंढ्या पाळणारे; मेंढी कुणाची हे आमच्याकडे कानाला पाडलेल्या खाचेवरून ठरतं. टेगविनने चष्मा लावला आणि संताला ओलांडून थेट मेंढ्यांचे कान पाहिले.

“ग्वेनी, डाव्या कानाला ही खाच इड्वलची.”

“त्याच्याच कुरणात बसून काढल्या, टेगविनकाका.”

“आणि डोंगर माझा.”

“ओढ्यापर्यंत सामायिक आहे,” इड्वल म्हणाला.

“ओढ्याच्या अलीकडे आल्यात त्या. बघ नीट.”

“अरे बाबा, सहाव्या शतकातल्या मेंढ्या आहेत.”

“म्हणजे तेव्हापासून घुसवतोयस.”

टेगविनचं म्हणणं, हे भिंतीवर लागलं तर उद्या इड्वलचा नातू चराईच्या हक्काचा पुरावा म्हणून दाखवील.

“मग खाचा बुजवते,” ग्वेनफ्रॉन म्हणाली.

“माझ्या खाचा बुजवायच्या?” इड्वल म्हणाला. “त्याला आमच्यात मेंढीचोरी म्हणतात, पोरी.”

एकाचा जरी विरोध असेल तर चित्र लागत नाही, असा आमचा नियम. ग्वेनफ्रॉन ते घरी घेऊन गेली. आठवड्याने आणलं तेव्हा चित्रात धुकं उतरलं होतं. डोंगर नाही, मेंढ्या नाहीत. नुसता संत आणि त्याचा झगा.

“हवा बरोबर धरलीय,” टेगविन म्हणाला. दोघांचेही हात वर झाले.

आता चहाच्या वेळी बघायला झग्याशिवाय काही उरलेलं नाही. पहिल्याच रविवारी टेगविन एका रेघेवरून बोट फिरवत पंधरा मिनिटं उभा होता. चहा गार झाला. ग्वेनफ्रॉन शेजारी श्वास रोखून.

“ही रेघ कुठे तुटतच नाही गं.”

“नाही तुटत, काका.”

टेगविन इड्वलकडे वळला. “बघ. कुंपण असं घालतात.”