बेसिनची हाडं

डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या कानामागे बोटाने हलकेच दाबलं. हाड पिंगपाँगच्या चेंडूसारखं आत गेलं आणि परत वर आलं. मग त्यांनी रिपोर्ट बाळाच्या आईपुढे सरकवला.

"ड जीवनसत्त्व जवळपास नाहीच. थेंब देत नाही का?"

"रोज देतो."

ती स्वतः औषधांच्या दुकानात काउंटरवर कामाला होती. आईच्या दुधात बाकी सगळं असतं, ड जीवनसत्त्व तेवढं पुरेसं नसतं, असं दिवसातून चार बायांना सांगायची. घरी मात्र थेंबांचं काम तिच्या आईकडे होतं. नातीला सांभाळायला आई पाच महिने येऊन राहिली होती. बाटली दर वेळी ठरल्या तारखेला संपायची. इतकी शिस्त तिने एकाही गिऱ्हाईकात पाहिली नव्हती.

घरी आई झबली घडी करत बसली होती.

"आई, थेंब कुठे जातात?"

आईने झबल्याची घडी मोडली. पुन्हा घातली.

"बेसिनमध्ये."

थट्टा असेल म्हणून ती थांबली. आई पुढचं झबलं उचलत होती.

"रोज?"

"एक दिवस चुकवला नाही." आवाजात थोडा अभिमानही होता. "मोजून टाकायचे. उगाच जास्त नाही."

"का पण?"

"माझ्या लेकीच्या दुधात कमी आहे म्हणे. ती कोण लागून गेली सांगणारी?"

"ती डॉक्टर आहे, आई."

"तू दुधावरच वाढलीस. काय कमी पडलं तुला?"

"मग मला तोंडावर सांगायचंस."

"तुला वाईट वाटलं असतं गं."

आपल्या बेसिनची हाडं एव्हाना लोखंडासारखी झाली असतील, असं तिच्या मनात आलं. हसू आलं नाही. बाळाच्या टाळूवर तिने तळहात ठेवला, तो नुसता टेकवला, भार न देता.

दुसऱ्या सकाळी थेंब तिने स्वतः दिले. बाळाने तोंड वाकडं केलं. चव नवीन होती. पाळणाघरात जागा नव्हती आणि दुकान नऊला उघडायचं होतं. तिने बाटली पर्समध्ये टाकली.

आई दाराशी हात पुढे करून उभी होती.

"एवढाही विश्वास नाही का गं माझ्यावर?"

तिने पर्सची चेन लावली, नीट लागली का ते पाहिलं, आणि बाळ आईच्या हातात दिलं.