तेराव्यानंतरची पेरणी

बजरंग फौजेतून धावत आला तेव्हा आईला अग्नी देऊन झाला होता. निलंग्याजवळच्या त्यांच्या गावात भूकंपानं दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर घातल्या, त्यात त्याची आई, गुणाबाई, गेल्या. धाकटी बहीण शिल्पा लातूरला क्लाससाठी राहायची म्हणून वाचली. वडील, हणमंतराव, पत्र्याच्या शेडबाहेर नुसते बसून असत.

तशात पाऊस झाला. दोन दिवसांनी रानाला वापसा आला. पायाला चिखल लागत नव्हता, मुठीत दाबलेली माती अलगद फुटत होती. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायची हीच वेळ.

"पेरायला पाभर काढ, बज्या," केवळाबाई आत्या म्हणाली. "ओल कुणासाठी थांबत न्हाई."

"सुतकात पेरायचं?" बजरंग भडकला. "तेरावं तर होऊ दे. माती कुठं पळून चाललीय?"

हे शहाणपण सिक्कीमचं. तिस्ता नदीच्या खोऱ्यात त्याची पलटण होती. छावणीखालच्या एका म्हाताऱ्याची बायको वारली, तेव्हा त्यानं कितीतरी दिवस शेताला हात लावला नाही. मग उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वावरात निवांत नाचणी लावली. सावलीतला वेलदोडा तर आपला वाढतच होता. तिथं पावसाला उसंत नाही, धुक्यानं माती कायम ओली. म्हाताऱ्यानं बायकोला दिलेला तो मान बजरंगच्या मनात भरला होता. आपलं काळं रान म्हणजे तिस्तेचं खोरं नव्हे, हे शेतकऱ्याच्याच पोराला कुणी सांगायचं!

हणमंतरावांच्यात भांडायचं त्राणच नव्हतं.

पुढं ऊन कडक पडलं. तेरावं उरकून बजरंगनं पाभर जुंपली, तर रानाला भेगा. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. बी कोरड्या ढेकळांत पडू लागलं. तरी त्यानं हट्टानं पेरणीच्या दोन ओळी, दोन तासं काढली.

पाभरीच्या चाड्यावर, त्या लाकडी नरसाळ्यात, मुठीनं बी सोडणारे हणमंतराव थांबले. मुठीतलं बी त्यांनी ओटीत परत टाकलं.

"अण्णा, मी मायसाठीच थांबलो," बजरंग बैल थांबवून म्हणाला.

"हाव. पर सारी उमर चाडं तिच्या हातात व्हतं. तिच्या जागी मी गेलो असतो, तर वापसा आल्या आल्या तिनं पेरलं असतं. लई रडली असती, पर पेरलं असतं."

बजरंगला ते एकदम पटलं, आणि आपण आपल्या आईलाच ओळखलं नाही म्हणून तो भर रानात ओक्साबोक्शी रडला.